हत्तीच्या पोटावरचा शिक्का

सकाळी सव्वानऊ वाजता चित्रकाराने आपल्या चौदा चित्रांचा गठ्ठा उचलला आणि वरच्याच चित्रातल्या हत्तीच्या पोटावर त्याला एक गोल जांभळा शिक्का दिसला. शिक्क्याच्या वरच्या कडेला 'पाणीपुरवठा विभाग' अशी अक्षरं होती, मधोमध 'आवक' आणि खाली कालची तारीख. शेजारी लाल शाईने सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'क्र. ४१७/१'. त्याने घाईघाईने दुसरं चित्र पाहिलं. तिथेही हत्ती, तिथेही शिक्का, क्र. ४१७/२. तिसऱ्या चित्रात हत्ती सुटला होता, पण शिक्का अस्वलाला मिळाला होता. चौदाव्या चित्रापर्यंत पोचेतो तो जमिनीवरच बसला होता.

अकरा वाजता ही चित्रं संपादकबाईंच्या टेबलावर हवी होती. बाई लहान मुलांची पुस्तकं काढत. त्यांनी याआधी दोनदा त्याचं काम परत पाठवलं होतं आणि आज तिसरी व शेवटची वेळ होती. आज नाही जमलं तर चित्रकाराला पुन्हा कंपनीत जाऊन बाण काढावे लागणार होते.

बाण म्हणजे खरोखरचे बाण. 'चित्रकार' ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला सहा महिन्यांपूर्वी दिली होती. त्याआधी नऊ वर्षं तो एका सिमेंट कंपनीत बैठकांसाठी पडद्यावर दाखवायची पानं तयार करायचा. विक्री वाढली की तो वर चढणारा बाण काढी. विक्री घटली की तोच बाण काढून त्याला जरा वेगळा रंग देई. एके दिवशी कंटाळून त्याने अशाच एका बाणावर घसरगुंडी खेळणारा हत्ती काढला, आणि पुसायचा विसरला. भर बैठकीत तो हत्ती भिंतीएवढा होऊन पडद्यावर आला. नऊ वर्षांत त्या खोलीत कोणी हसलेलं त्याने पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळे हसले. साहेब नाही हसले, पण बाकी सगळे हसले. त्याच आठवड्यात त्याने राजीनामा दिला.

साहेब मनाने वाईट नव्हते. "सहा महिने तुझी खुर्ची रिकामी ठेवतो," ते म्हणाले होते. "डोक्यातलं वारं उतरलं की ये परत." त्या सहा महिन्यांचा शेवटचा दिवस म्हणजे आजचा.

"बाबा!" चित्रकार जमिनीवरूनच ओरडला.

बाबा बाहेरच्या खोलीत आपल्या टेबलाशी बसले होते. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "ओरडू नकोस. टेबलाशी येऊन बोल."

बाबांनी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. आलेल्या कागदावर 'आवक'चा शिक्का मारायचा, गेलेल्यावर 'जावक'चा, आणि वहीत नोंद करायची. कागदाचं पुढे काय करायचं ते साहेब ठरवत. घरातही तीच पद्धत होती. निर्णय आई घ्यायची, बाबा नोंद घ्यायचे. बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी खात्याचा कारभार संगणकावर गेला, शिक्के भंगारात निघाले, आणि सहकाऱ्यांनी निरोपसमारंभात तेच शिक्के मखमली डबीत घालून त्यांना भेट दिले. त्यात गंमत म्हणून 'मंजूर' असा एक नवाकोरा शिक्काही टाकला. त्या तिसऱ्या शिक्क्याला बाबांनी कधी हात लावला नाही. "तो आपल्या अधिकारातला नाही," असं ते म्हणत.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा दिवसदिवस खिडकीशी बसून राहू लागले. तेव्हा चित्रकाराच्या बायकोनेच तोडगा काढला होता. ती दातांची डॉक्टर. दुखणं कुठे आहे ते तिला चटकन कळतं. तिने बाहेरच्या खोलीत एक टेबल मांडलं, दोन ट्रे ठेवले आणि सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, आजपासून घरातला एकही कागद तुमच्या नोंदीशिवाय आत यायचा नाही की बाहेर जायचा नाही." बाबांच्या अंगात जीव आला. विजेचं बिल, लग्नाची पत्रिका, धोब्याची यादी, सगळ्याला क्रमांक पडू लागला. घरात शांतता नांदू लागली ती आज सकाळी सव्वानऊपर्यंत.

"बाबा, माझ्या चित्रांवर शिक्के मारलेत तुम्ही?"

"मारणारच. काल संध्याकाळी तूच आवकच्या ट्रेमध्ये ठेवलीस."

हे खरं होतं. चित्रकाराच्या टेबलावर काल पाण्याचा पेला सांडला होता, आणि घरात कोरडी, सपाट, स्वच्छ जागा एकच होती.

"पण ती चित्रं आहेत, बाबा!"

"वहीत तसंच लिहिलंय. चित्रे, नग चौदा."

"अहो, पण हत्तीच्या पोटावर?"

"शिक्का कोऱ्या जागेत मारायचा असतो," बाबा शांतपणे म्हणाले. "मजकुरावर मारायचा नाही. तू सगळीकडे पानं काढलीस, फुलं काढलीस, गवताचं पातं न् पातं काढलंस. अर्धा तास मी जागा शोधत होतो. हत्तीचं पोटच तेवढं मोकळं होतं."

चित्रकाराच्या तोंडून नुसताच एक लांबलचक आवाज निघाला.

तो ऐकून बायको धावत बाहेर आली. ती दवाखान्यात जायच्या तयारीत होती. "काय झालं? कोणाचा दात दुखतोय?"

त्याने चित्रं पुढे केली. तिने एका नजरेत सगळं पाहिलं आणि पर्स खाली ठेवली. "शाईच आहे ना? माझ्याकडे स्पिरिट आहे. दोन मिनिटांचं काम. आधी कोणावर करू?"

"अस्वलावर कर," चित्रकार म्हणाला. "अस्वल एकदाच येतं गोष्टीत. काही झालंच तर निभेल."

तिने चिमट्यात कापसाचा बोळा धरला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि सवयीने म्हणाली, "अजिबात दुखणार नाही." मग ती हलक्या हाताने अस्वलाचं पोट पुसू लागली. शिक्का खरंच जाऊ लागला. म्हणजे पोटावरून गेला आणि छातीवर आला. तिथून खांद्यावर गेला. तिने जितकं पुसलं तितकं ते जांभळेपण वाटा शोधत पसरत गेलं, आणि मिनिटाभरात अस्वल कानापासून नखापर्यंत जांभळं झालं.

"थोडं पसरलं," ती म्हणाली.

"थोडं?"

"मुळापर्यंत गेलंय रे ते. थांब, दुसरा उपाय आहे."

दुसरा उपाय म्हणजे दात चमकवायची पेस्ट. बाराव्या चित्रात शिक्का चंद्रावर पडला होता, तिथे तिने ती बोटाने गोल गोल चोळली. चंद्र चमकला, पांढराशुभ्र झाला, आणि मग त्याला आरपार भोक पडलं. बायकोने भोकातून नवऱ्याकडे पाहिलं. "भरून देऊ का?" तिने बारीक आवाजात विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचे साहेब होते.

"काय कलावंत? आज तारीख कोणती, लक्षात आहे ना? पाच वाजेपर्यंत काय ते कळव. पुढच्या आठवड्यात वार्षिक बैठक आहे आणि इथे धड बाण काढणारं कोणी नाही. नवीन मुलगा आहे तो काढतो, पण त्याचे बाण बघून लोक घाबरतात."

"बघतो साहेब," चित्रकार म्हणाला. हे दोन शब्द तो नऊ वर्षं रोज म्हणत आला होता आणि ते किती सहज परत आले हे पाहून त्याला धडकीच भरली.

आता घड्याळात पावणेदहा झाले होते. शिक्के जात नव्हते, तर झाकायला हवे होते. त्याने लाल रंग कालवला आणि पहिल्या चित्रातल्या हत्तीला जाकीट चढवलं. शिक्का जाकिटाखाली गेला. त्याने भराभर दुसरा हत्ती घेतला, मग चौथा. एकूण बारा हत्तींच्या पोटांवर शिक्के होते, ते त्याने एकामागून एक झाकले. घामाघूम होऊन तो थांबला तर बायको म्हणाली, "आणि अस्वलाच्या आणि चंद्राच्या चित्रातला हत्ती? बाकी सगळीकडे जाकीट घालून हिंडतोय आणि मधेच दोनदा उघडा?"

त्याने त्याही दोघांना जाकिटं घातली.

बाबा दारात उभे राहून हे पाहत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "शिक्का झाकायचा नसतो."

"बाबा, त्या खात्यात आता शिक्केच चालत नाहीत!"

"म्हणून तर जपायचा."

साडेदहा झाले. ओली चित्रं एकावर एक ठेवू नयेत हे चित्रकाराला कळत नव्हतं असं नाही. पण वेळ अशी आली होती की त्याने ती ठेवली, मोठ्या लिफाफ्यात सरकवली आणि दाराकडे धावला. दारात बाबा आडवे उभे होते.

"जावक क्रमांक?"

"बाबा, पाया पडतो तुमच्या."

"पाया पडायचं काम नाही. नोंद करायची आहे." बाबांच्या हातात 'जावक'चा शिक्का होता आणि त्यावर ओली शाई चमकत होती. चित्रकाराने लिफाफा छातीशी कवटाळला.

"लिफाफ्यावर मारा," बायको मधे पडली. "बाबा, लिफाफा बघा. सगळा कोरा आहे."

बाबांनी लिफाफा पाहिला. इतकी कोरी जागा त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. त्यांनी मधोमध, सरळ, सावकाश शिक्का मारला, वहीत नोंद केली आणि मग बूट घालायला बसले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"पोच आणायला. कागद मिळाल्याची समोरच्याची सही नको?"

"मी आणतो ना सही."

"तू अर्जदार आहेस," बाबा नाडी बांधत म्हणाले. "अर्जदाराने स्वतःच्या कागदाची पोच आणायची नसते."

टॅक्सीत बाबा पुढे बसले, पोचवही मांडीवर घेऊन. मागे चित्रकार लिफाफा दोन्ही हातांवर आडवा धरून बसला होता. सिग्नलला त्याने घसा खाकरला. घरात गेले सहा महिने एक विषय लोंबकळत होता, आणि रोजच्यासारखाच आजही तो विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"बाबा, माझ्या त्या कागदाचं काय झालं?"

तो कागद म्हणजे त्याच्या राजीनाम्याची प्रत. कंपनीने राजीनामा दहा मिनिटांत मंजूर केला होता. घरी आल्यावर बाबांना सांगायची त्याची छाती होईना, म्हणून त्याने मुकाट्याने एक प्रत आवकच्या ट्रेमध्ये ठेवली होती. बाबांनी तिच्यावर शिक्का मारला, 'विचाराधीन' असं लिहिलं आणि ती एका फायलीत घातली. रागावले नाहीत, हसले नाहीत, काहीच बोलले नाहीत.

"फिरतोय कागद," बाबा म्हणाले.

"कोणाकडे फिरतोय? घरात माणसं तीन."

"म्हणूनच वेळ लागतोय."

चित्रकार खिडकीबाहेर पाहू लागला. एवढं विचारून एवढंच उत्तर मिळालं, तर माणूस दुसरं काय करणार?

संपादकबाईंच्या खोलीत छतापर्यंत पुस्तकं होती आणि बाईंचा चष्मा कपाळावर होता. त्या लिफाफ्याला हात लावणार तोच बाबांनी पोचवही पुढे सरकवली.

"आधी इथे सही."

"हे कोण?" बाईंनी चित्रकाराला विचारलं.

"माझे वडील."

"आवक-जावक," बाबांनी स्वतःची ओळख करून दिली.

"अहो, पण आधी मी बघते तरी. मग सही करीन."

"पोच म्हणजे पसंती नव्हे," बाबा म्हणाले. "मिळालं, एवढंच."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला, बाबांकडे नीट पाहिलं, आणि निमूटपणे सही केली. मग लिफाफा उघडून गठ्ठा बाहेर काढला. पहिलं चित्र उचलायला गेल्या तर दुसरंही बरोबर आलं. त्यांनी दोन्ही ओढली. फर्रर्र आवाज झाला, दुसऱ्या हत्तीचं लाल जाकीट पहिल्या चित्राच्या पाठीला चिकटून गेलं, आणि दुसरा हत्ती पोटावर सरकारी शिक्का घेऊन उघडा बाईंसमोर उभा राहिला.

"हा काय प्रकार आहे?"

चित्रकाराने सगळं सांगून टाकलं. ट्रे, शिक्के, स्पिरिट, चंद्र, जाकिटं, काही म्हणता काही लपवलं नाही. बाई ऐकत होत्या. जांभळं अस्वल समोर आलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या, मग पुढच्या चित्राकडे वळल्या.

"चित्रं परत काढावी लागतील हे तुम्हालाही दिसतंय," शेवटी त्या म्हणाल्या. "ती तुम्ही काढाल. हात आहे तुमचा. पण माझी तक्रार चित्रांबद्दल कधीच नव्हती. गोष्ट आणलीत नवीन?"

त्याने खिशातून घडी केलेले कागद दिले. गोष्ट साधी होती. एका हत्तीला झोका घ्यायचा असतो, फांदी मोडते, सगळे प्राणी मिळून त्याच्यासाठी मजबूत झोका बांधतात. बाई एक पान मोठ्याने वाचू लागल्या. "'हत्तीने आपल्या उणिवा ओळखल्या आणि सहकाऱ्यांशी चर्चा करून पुढील तीन पावले उचलण्याचे ठरवले.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "अहो, हे लहानपणी वाचलेलं मूल मोठं होऊन थेट निवृत्तच होईल. तुम्ही नोकरी सोडलीत हो, पण नोकरीने तुम्हाला सोडलेलं नाही."

चित्रकाराचा चेहरा उतरला. बाई खरं बोलत होत्या, म्हणूनच ते फार लागलं. हत्ती त्याला डोळे मिटूनही काढता यायचा, पण त्याच्याविषयी लिहायला बसलं की पेनातून बैठकच बाहेर यायची. बरं झालं, खुर्ची अजून रिकामी आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि त्याला रडू आल्यासारखं झालं. तो चित्रं गोळा करू लागला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे मागे काय लिहिलंय?"

पहिलं चित्र पालथं पडलं होतं. चिकटलेल्या लाल जाकिटाच्या कडेला, त्याच सुबक अक्षरात, चार ओळी होत्या. सकाळपासून चित्रांच्या पोटांकडे बघण्यात चित्रकाराने एकाही चित्राची पाठ पाहिली नव्हती.

"ते माझे शेरे आहेत," बाबा म्हणाले. "वहीत 'थोडक्यात विषय' असा रकाना असतो. या कागदांवर विषयच लिहिलेला नव्हता. मग जे दिसलं ते लिहिलं. रकान्यात मावेना, म्हणून मागे."

बाई वाचू लागल्या. "'एक हत्ती. एक झोका. हत्ती झोक्याकडे पाहत आहे. झोका हत्तीकडे पाहत नाही.'"

त्यांनी दुसरं चित्र उलटं केलं. "'हत्ती विनापरवानगी झोक्यावर बसला. फांदी मोडली. फांदीचा दोष नाही.'"

बाईंच्या ओठांच्या कडा हलू लागल्या. त्यांनी तिसरं घेतलं. "'अस्वल दोरी घेऊन आले. त्यास कोणी बोलावल्याचा उल्लेख आढळत नाही. तरी आले, हे महत्त्वाचे.'" चौथं घेतलं. "'माकड हसत आहे. नोंद घेतली.'" इथे त्या अशा हसत सुटल्या की पलीकडच्या खोलीतली दोन माणसं काय झालं म्हणून डोकावून गेली. "'ससा हत्तीला धीर देत आहे. सशाच्या वजनाच्या मानाने धीर पुष्कळ आहे.'" त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाबा गोंधळून मुलाकडे पाहत होते. आपलं काही चुकलं की काय, असा त्यांचा चेहरा होता.

नववं चित्र उलटल्यावर बाईंचं हसू हळूहळू थांबलं. ते त्यांनी सावकाश वाचलं. "'हत्ती एकटाच बसला आहे. त्याला काय पाहिजे हे विचारणारे कोणी राहिलेले नाही. ही परिस्थिती मला माहीत आहे.'"

चित्रकाराने बाबांकडे पाहिलं. बाबा पोचवहीचा कोपरा सरळ करत होते. सहा महिने आपण घरात बसून हत्ती काढतो आहोत, बाबा दहा पावलांवर बसून नोंदी करतायत, आणि आपण दिवसातून एकदा 'माझ्या कागदाचं काय झालं' याखेरीज त्यांना काही विचारलं नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"शेवटचा वाचा," बाबा हळूच म्हणाले. "तो बरा आहे."

"'हत्ती झोक्यावर. संबंधित सर्व जण खूश. प्रकरण बंद.'" बाईंनी चित्र खाली ठेवलं. "ही गोष्ट आहे. दोन वेळा मी हीच मागत होते. चित्रं मुलाची, शेरे वडिलांचे. छापूया."

"ते जमणार नाही," बाबा म्हणाले.

चित्रकार बाबांकडे वळला. "बाबा!"

"शेरे आतल्या नोंदीसाठी असतात. छापायचे म्हणजे वरची परवानगी लागते. मला तसा अधिकार नाही."

आता कोणी दुसरं असतं तर हसलं असतं नाहीतर चिडलं असतं. बाईंनी शांतपणे आपल्या नावाचा कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. 'हत्तीच्या प्रकरणी तसेच यापुढील सर्व प्रकरणी शेरे लिहिण्याचा व त्यावर निर्णय देण्याचा अधिकार आपणास देण्यात येत आहे.' खाली सही केली. बाबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "शिक्का?"

बाईंनी खण उपसला. तळाशी एक जुना शिक्का सापडला, तो तोंडाची वाफ देऊन त्यांनी उमटवला. बाबांनी कागदाची घडी घातली, पोचवहीत ठेवली आणि वही दोन्ही हातांनी धरली.

"नवी चित्रं दोन महिन्यांत," निघताना बाई म्हणाल्या. "जाकीट ठेवा, शोभतंय. आणि अस्वल जांभळंच राहू द्या."

घरी पोचले तेव्हा दोन वाजले होते. बाबांनी बूट काढले, हात धुतले, टेबलाशी बसले आणि फायलीतून राजीनाम्याची प्रत बाहेर काढली. चित्रकार समोर उभा राहिला. बसावं की नाही हे त्याला कळेना.

"कागद फिरत नव्हता," बाबा म्हणाले. "इथेच होता."

"मग इतके दिवस..."

"मंजुरी तुझी आई द्यायची. तुझी शाळा तिने ठरवली, लग्नाला होकार तिने दिला. मी नोंदी केल्या. ती गेल्यावर हा पहिलाच मोठा कागद आला. कोणापुढे ठेवायचा तेच सुचेना मला. म्हणून फिरतोय म्हणत होतो."

"तुमच्या मनात काय होतं, बाबा?"

"मनात पहिल्या दिवशीच होतं. पण मनात असून काय उपयोग? अधिकार नव्हता." त्यांनी बाईंचा कागद उलगडून शेजारी ठेवला आणि 'निर्णय देण्याचा' या शब्दांवर बोट टेकवलं. "आज मिळाला."

त्यांनी मखमली डबी उघडली आणि तिसरा शिक्का बाहेर काढला. त्याच्या रबराला आजवर शाई लागलेली नव्हती. पहिल्यांदा दाबला तर कागदावर काहीच उमटलं नाही. दुसऱ्यांदा अर्धा उमटला. तिसऱ्यांदा चित्रकाराने बाबांच्या हातावर हात ठेवला, दोघांनी मिळून दाबला, आणि 'मंजूर' ही अक्षरं ठसठशीत उठली. बाबांनी लगेच लाल पेन उघडलं आणि खाली शेरा लिहायला घेतला.

साडेचारला बायको दवाखान्यातून धापा टाकत घरी आली. "काय झालं? फोन का उचलत नाही कोणी?" बाबांनी तिच्यापुढे कागद धरला. तिने मोठ्याने वाचलं. "'मंजूर. अर्जदाराने उद्यापासून सकाळी ठीक दहा वाजता आवक-जावक टेबलाशी हजर व्हावे. दुपारी एक ते दीड सुट्टी. उशीर झाल्यास लेखी कारण द्यावे.'" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अभिनंदन! नोकरी लागली तुला."

पाचला पाच कमी असताना त्याने साहेबांना फोन करून नकार कळवला. साहेबांनी सुस्कारा सोडला. "मजा आहे बाबा तुझी. वेळेचं बंधन नाही, वरती कोणी साहेब नाही."

समोर बाबा खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ लावत होते. ते त्यांनी दोन मिनिटं पुढे केलं. "हो साहेब," चित्रकार म्हणाला. "अगदी मोकळा झालोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रंगांची पेटी घेऊन टेबलाशी आला तेव्हा पुढे केलेल्या घड्याळात दहाला एक मिनिट होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आधीच बसले होते. त्यांनी वहीत त्याची हजेरी मांडली आणि एक जाड पांढरा कागद त्याच्याकडे सरकवला. कागदावर पान नव्हतं, फूल नव्हतं, गवत नव्हतं. बरोबर मधोमध तेवढा 'आवक'चा गोल जांभळा शिक्का होता.

"परवा मला जागा शोधायला फार त्रास झाला," बाबा म्हणाले. "म्हणून आज आधीच मारून ठेवलाय. आता तू त्याच्याभोवती हत्ती काढ."

चित्रकाराने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.